फ्रँचाइझीच्या करारांतील मौनाचें कलम

पाटी एका कंपनीची, पण भांडवल दुसऱ्याचें आणि रोजचा खटाटोपहि त्याचाच, अशा व्यापाराला फ्रँचाइझी म्हणतात. अमेरिकेंत असंख्य उपाहारगृहें व मोटार-दुरुस्तीचीं दुकानें याच पद्धतीनें चालतात. दुकानदार आरंभीं ठोक रक्कम भरतो, पुढें विक्रीचा ठराविक हिस्सा देत राहतो, आणि त्याबद्दल त्याला कंपनीचें नांव वापरावयास मिळतें. करारनामा मात्र कंपनीच्या वकिलांनीं तयार केलेला असतो. त्यांतील एखादें वाक्य बदलून घेणें नव्या दुकानदाराला क्वचितच साधतें.

अशा करारांत पुष्कळदां एक कलम आढळतें: दुकानदारानें कंपनीची अथवा तिच्या मालाची नालस्ती करूं नये. एका दुकानाची बदनामी त्याच पाटीच्या इतर दुकानांना भोंवते, हें कंपनीचें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. परंतु खोट्या बदनामीसाठीं अब्रुनुकसानीचा कायदा आहेच. आणि तेथें बोललेलें खरें ठरल्यास दावा सहसा टिकत नाहीं. करारांतील कलमाला खऱ्याखोट्याशीं कर्तव्य नसतें. या धंद्यांत आपलें भांडवल बुडालें, असें कोणी अक्षरशः खरें सांगितलें तरी त्याच्यावर करारभंगाचा दावा येऊं शकतो. धंदा सोडतांना होणाऱ्या तडजोडींत तर हें कलम विशेषेंकरून येतें. कंपनी आपलें कांहीं येणें सोडून देते. जाणारा दुकानदार तोंड मिटून घेतो. कर्जांत रुतलेल्या मनुष्याला त्या वेळीं सुटकेपलीकडे कांहीं दिसत नाहीं. त्याला दोष कोण देणार?

यांत नुकसान होतें तें पुढें येणाऱ्या तिऱ्हाइताचें. त्याच्या रक्षणासाठीं तेथील संघीय व्यापार आयोगानें १९७८ सालीं नियम केला व २००७ सालीं तो सुधारला. सहीच्या अगर पैसे भरण्याच्या निदान १४ दिवस आधीं कंपनीनें माहितीपत्र द्यावयाचें असतें. त्यांत चालू दुकानदारांचीं, तसेंच गेल्या हिशेबी वर्षांत बाहेर पडलेल्यांचीं नांवें व दूरध्वनि-क्रमांक असतात. हेतु हा, कीं होतकरू दुकानदारानें त्यांना प्रत्यक्ष विचारावें.

पण विचारल्यावर पलीकडचा माणूस बोलूंच शकला नाहीं तर? गेल्या ३ वर्षांत कोणाकडून अनुभवाविषयीं मौनाचा करार करून घेतला असेल, तर कंपनीनें तें माहितीपत्रांत नमूद केलें पाहिजे, असें सुधारलेला नियम सांगतो. म्हणजे कुलूप काढलें नाहीं. कुलूप आहे एवढें सांगितलें. तरीहि हें सांगणें निरुपयोगी नव्हे. यादींतले बोलते लोक बहुतेक सुखी आणि गप्प बसलेले बहुतेक धंदा सोडलेले, असें दिसलें, तर ऐकलेली हकीकत एकांगी आहे हें सुज्ञ मनुष्य ओळखतो.

जुलै २०२४ मध्यें आयोगानें आणखी एक पाऊल टाकलें. दुकानदारानें सरकारकडे तक्रार करूं नये म्हणून अशा कलमाचा धाक घालणें, हा बेकायदेशीर व्यवहार होय, असें त्यानें जाहीर केलें. त्या घोषणेचा रोख सरकारी कचेरीकडे जाणाऱ्या वाटेपुरता होता. दुकान घेऊं पाहणाऱ्या गृहस्थाशीं होणाऱ्या बोलण्याला तिनें हात लावला नाहीं.