बार्सिलोना : रस्त्यावर नांदणारे शहर

स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यावरील बार्सिलोना ही कातालोनिया प्रांताची राजधानी. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला कोल्सेरोलाची डोंगररांग आणि या दोहोंच्या मधल्या सुमारे शंभर चौरस किलोमीटर जागेत दाटीने राहणारी सोळा लाखांहून अधिक माणसे. साहजिकच येथील माणसाचा निम्मा दिवस घराबाहेर, रस्त्यात, चौकात आणि बाजारात जातो. पर्यटक येथे वास्तू पाहण्यासाठी येतात खरे. पण त्यांना भुरळ घालते ते या वास्तूंभोवती अखंड वाहणारे जनजीवन.

त्याची पहिली ओळख 'ला रांब्ला' या रस्त्यावर होते. कातालोनिया चौकापासून बंदराजवळच्या कोलंबसच्या स्तंभापर्यंत जाणारा हा रस्ता सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा आहे. मधोमध पादचाऱ्यांसाठी प्रशस्त, वृक्षाच्छादित मार्ग आणि वाहनांना मात्र दोन्ही कडांना अरुंद पट्टे, अशी त्याची उलटी रचना. पूर्वी येथून पावसाळी ओढा वाहत असे. 'रांब्ला' हे नावच मुळी वाळू या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. फुलांची दुकाने, बोकेरियाची मंडई आणि लिसेऊ हे ऑपेरागृह याच रस्त्यावर आहेत. लिसेऊजवळ चित्रकार जोआन मिरो यांनी १९७६ साली साकारलेले मोझेक थेट जमिनीवर असून रोज हजारो पावले त्यावरून जातात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी याच रस्त्यावरील गर्दीत दहशतवाद्याने गाडी घातली, ती या मोझेकवर येऊन थांबली. दुसऱ्याच दिवशी नागरिक कातालोनिया चौकात जमले आणि 'मला भीती वाटत नाही' असा घोष त्यांनी केला. रांब्ला पुन्हा गजबजली.

रांब्लाच्या पूर्वेस जुन्या शहराच्या चिंचोळ्या गल्ल्या लागतात. रोमन तटबंदीचे अवशेष अंगावर वागवणाऱ्या या गॉथिक वस्तीत सांत फेलिप नेरी नावाचा लहानसा चौक आहे. मधोमध कारंजे आणि एका बाजूला चर्च. त्या चर्चच्या दर्शनी भिंतीला खोल खड्डे पडलेले दिसतात. स्पेनच्या यादवी युद्धात ३० जानेवारी १९३८ रोजी येथे बॉम्ब पडले आणि ४२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतांश मुले होती. ती भिंत मुद्दाम तशीच ठेवण्यात आली आहे. शेजारच्या शाळेची मुले मधल्या सुट्टीत याच चौकात खेळतात.

या चर्चचा एक नित्याचा भाविक म्हणजे अंतोनी गाउडी, बार्सिलोनाला तिचा चेहरा देणारा वास्तुशिल्पी. जून १९२६ मध्ये इकडे पायी येत असतानाच त्याला ट्रामची धडक बसली. अंगावरच्या साध्या कपड्यांमुळे त्याला कोणी ओळखले नाही आणि तीन दिवसांनी त्याचे निधन झाले. त्याच्या हातून अपुरे राहिलेले सग्रादा फमिलिया हे चर्च आज शहराची खूण बनले आहे. १८८२ मध्ये सुरू झालेले हे काम गाउडीने पुढच्याच वर्षी हाती घेतले. आत गेल्यावर वर फांद्या फुटलेल्या वृक्षांसारखे खांब आणि रंगीत काचांतून झिरपणारा प्रकाश पाहून अरण्यात आल्याचा भास होतो. सकाळी निळी-हिरवी असणारी ही आभा दुपार उलटताच तांबूस होते. उल्म येथील चर्चला मागे टाकून ऑक्टोबर २०२५ मध्ये ते जगातील सर्वांत उंच चर्च ठरले. तरीही मुख्य मनोऱ्याची १७२.५ मीटर ही नियोजित उंची गाउडीने जवळच्या मोंजुइक टेकडीहून किंचित कमी राखली. मानवाची निर्मिती ईश्वराच्या निर्मितीहून वरचढ असू नये, ही त्यामागील भावना.

सग्रादा फमिलियाभोवतीची वस्तीही पाहण्याजोगी आहे. तट पाडल्यानंतर शहर कसे वाढावे याचा आराखडा इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये आखला. चौकोनी गाळ्यांचे कोपरे छाटल्यामुळे येथील प्रत्येक चौक ऐसपैस झाला. प्रत्येक गाळ्याच्या पोटात बाग असावी, हे त्याचे स्वप्न मात्र जागेच्या हव्यासाने गिळले. याच भागात गाउडीची 'कासा मिला' ही लाटांसारखी इमारत उभी आहे. तत्कालीन नागरिकांनी 'दगडाची खाण' म्हणून तिची टर उडवली होती. टेकडीवरचे पार्क गुएल ही तर फसलेली गृहयोजना! साठ बंगल्यांच्या या योजनेत अवघी दोन घरे उभी राहिली आणि पुढे तिचे सार्वजनिक उद्यान झाले. समुद्रकिनाऱ्याची कथाही अशीच आहे. कारखाने आणि रेल्वेमार्गांनी अडवलेला किनारा १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने नागरिकांसाठी मोकळा झाला.

त्याच ऑलिम्पिकने बार्सिलोना जगाच्या नकाशावर ठळक केली आणि पर्यटकांचा ओघ सुरू झाला. आज तोच ओघ शहराची चिंता बनला आहे. राहती घरे पर्यटकांना भाड्याने दिली जाऊ लागली, भाडी वाढली आणि मूळ रहिवाशांना जुनी वस्ती सोडावी लागली. पार्क गुएलकडे जाणाऱ्या ११६ क्रमांकाच्या लहान बसमध्ये वृद्ध रहिवाशांनाच जागा मिळेना, तेव्हा २०२४ मध्ये हा मार्ग गुगलच्या नकाशावरून काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये निदर्शकांनी उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांच्या परवान्यांचे २०२८ नंतर नूतनीकरण न करण्याचा निर्णयही महापौरांनी जाहीर केला. जी चैतन्यमयता पाहण्यासाठी जग येथे येते, ती निर्माण करणारी माणसेच उरली नाहीत तर पाहायचे काय, असा हा प्रश्न आहे.

म्हणूनच बार्सिलोनाला जाणाऱ्याने सग्रादा फमिलियाचे तिकीट आधी काढावे, रांब्लावर पाकीट सांभाळावे आणि एक संध्याकाळ मात्र रिकामी ठेवावी. वस्तीतल्या एखाद्या चौकातील बाकावर बसावे. चेंडू खेळणारी मुले, गप्पांत रमलेल्या आजीबाई, रात्री नऊनंतर जेवायला निघालेली कुटुंबे दिसतील. त्यासाठी तिकीट लागत नाही. तेथे पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, एवढेच पुरे.