धाकटीची ओवाळणी

माळशिरसच्या माणसाला खोडवा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ऊस तोडून कारखान्याला गेला, तरी मातीतल्या बुडख्याला पुन्हा फुटवे येतात. २०१९ साली माझे यकृत निकामी झाले आणि धाकट्या बहिणीने आपल्यातला तुकडा द्यायचे ठरवले, तेव्हा दाजी म्हणाले, "दादा, खोडवाच की ह्यो! येतंय परत."

मी हसलो खरा, पण रात्री डोळा लागेना. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात बहीण जवळच्या नात्यात बसत होती. माझ्या मनाच्या कायद्यात मात्र तिची दोन लेकरे आडवी येत होती. आषाढात माउलींची पालखी गावातून पंढरीकडे गेली आणि आम्ही उलट्या वाटेने पुण्याला निघालो. तिथे डॉक्टरांना मी एकच विचारले, "निम्म्याहून जास्त काढणार. उरलेले जगेल कशावर?"

"प्राणवायूवर," असे म्हणून त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या.

यकृताचे वजन जेमतेम सव्वा-दीड किलो, पण स्वस्थ पडलेले शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा ते एकटे घेते. आमच्या भाषेत सांगायचे, तर या रानाला पाणी कालव्याचेही आहे आणि विहिरीचेही. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून शिरेने येते. त्यात अन्नरस भरपूर असतो, पण प्राणवायूचा काही वाटा आतड्यांनी आधीच घेतलेला असतो. रोहिणीचे रक्त थोडे, पण प्राणवायूने भरलेले. म्हणून प्राणवायू दोन्हीकडून जवळपास निम्मा निम्मा मिळतो.

तुकडा काढला, की कालव्याचे सगळे पाणी उरलेल्या छोट्या रानात घुसते. ते वाढले, की रोहिणी आखडते. म्हणजे विहिरीचे पाणी कमी होते, आणि नेमकी तेव्हाच पेशींची गरज वाढलेली असते. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर ऊर्जा हवी, आणि ती प्राणवायूवाचून होत नाही. शिवाय रक्त शुद्ध ठेवण्याचे रोजचे काम थांबवून चालत नाही.

हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली उंदरांचे दोन तृतीयांश यकृत काढून पाहिले. आठ-दहा दिवसांत ते भरून आले. पुढे असेही दिसले, की नव्या पेशींचे पुंजके आधी होतात आणि रक्तवाहिन्या मागाहून त्यांत शिरतात. मधले दिवस तंगीचे.

धाकटीचे ते दिवस दाजींनी काढले. नाकाशी नळी, रक्ताच्या तपासण्या, रोहिणी नीट वाहते का हे पाहायला रोज सोनोग्राफी. श्वास आत ओढून तीन गोळ्या वर चढवायचे यंत्र तिच्या हाती दिलेले. टाके ओढायचे, ती डोळे मिटून घ्यायची, आणि दाजी मोजत बसायचे. पलीकडच्या खोलीत पडून मी रोज एवढेच विचारी, "आज किती गोळ्या?" तिसरी वर चढल्याचे कळले, त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. दाजींची उपमा थोडी चुकली होती. कापलेला भाग फुटत नाही. उरलेलाच वाढून भरपाई करतो. आकार निराळा, काम तेच. तिचे यकृत बहुतेक भरून आले होते आणि माझ्या पोटातला तिचा तुकडाही वाढला होता. "एका बेण्यावर दोन रानं!" दाजींनी उपमा लगेच सुधारून घेतली.

त्या भाऊबिजेला तिने ओवाळले. तबकात काय घालावे ते मला सुचेना. पाकीट हातात धरून तसाच बसलो.

"ठेव ते खिशात," ती म्हणाली. "गोळ्या वेळेवर घे. तेवढीच ओवाळणी."

तेव्हापासून ती ओवाळणी मी रोज घालतो.