जुन्या संगणकातील मंद गडी शोधा!



संगणकावर खेळ खेळण्याचा नाद तुमच्यापैकी अनेकांना असेल. पण दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेल्या संगणकावर आज एखादा नवा खेळ सुरू केला, की चित्र अडखळू लागते. पडद्यावरची मोटार वळवावी, तर ती वळेपर्यंत कठड्यावर आदळलेली असते! मग चौकशी सुरू होते. एक म्हणतो, "रॅम वाढवा." दुसरा म्हणतो, "प्रोसेसर बदला." तिसरा तर सरळ "भंगारात काढा" असे सांगून मोकळा होतो. तिघांचेही सल्ले खर्चाचे आहेत, आणि तिघांपैकी एकानेही काही मोजून पाहिलेले नाही. नाडी न पाहताच औषध द्यावे, तसा हा प्रकार. घरून मोठ्या मुश्किलीने आठ-दहा हजार रुपये मिळणार असतील, तर ते चुकीच्या भागावर घालवून कसे चालेल? तेव्हा आधी नाडी पाहू या.

अभ्यासासाठी एक नमुना घेऊ. २०१४ साली बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-५ ४४६० हा प्रोसेसर, त्याच वर्षीचे एनव्हिडियाचे जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड, ८ गिगाबाइट रॅम आणि हार्ड डिस्क. असा संगणक आजही अनेक घरांत चालू स्थितीत सापडेल.

पोळ्यांचे गणित

पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. सेकंदाला ६० चित्रे दिसली, तर खेळ सुरळीत वाटतो. म्हणजेच प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवे. हे काम दोघे मिळून करतात. कोणती वस्तू कोठे आहे, कोण कोणाला धडकले, याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे.

आता स्वयंपाकघरात चला. एकजण पोळ्या लाटतो आहे आणि दुसरा भाजतो आहे. लाटायला १२ सेकंद लागतात व भाजायला ३०. तर ताटात पोळी किती वेळाने पडेल? १२ अधिक ३० म्हणजे ४२ सेकंदांनी नव्हे! एक पोळी तव्यावर असतानाच दुसरी लाटून होते. म्हणून दर ३० सेकंदांनी एक पोळी पडेल. लाटणाऱ्याने दुप्पट चपळाई दाखवली, तरी तव्याशेजारी लाटलेल्या पोळ्यांचा ढीग साचेल, ताटातल्या पोळ्या मात्र वाढणार नाहीत. वेग ठरवतो तो मंद गडी.

सेकंदांच्या जागी मिलिसेकंद घाला, की झाला आपला संगणक. प्रोसेसरला १२ व ग्राफिक्स कार्डाला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला सुमारे ३३ चित्रे मिळतील. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तरी ३३ च! पण दुप्पट वेगाचे ग्राफिक्स कार्ड बसवले, तर ३० चे १५ होतील आणि सुमारे ६७ चित्रे मिळतील. आणि तिप्पट वेगाचे आणले तर? कार्डाला १० मिलिसेकंद पुरतील, पण आता १२ मिलिसेकंदांचा प्रोसेसर मंद गडी ठरेल. चित्रे मिळतील ८३, शंभर नव्हेत. महाग कार्डाचा उरलेला वेग वाया जाईल.

फुकटातला प्रयोग

मग आपल्या संगणकातला मंद गडी कोणता? त्यासाठी स्क्रू काढण्याचीही गरज नाही. पुष्कळ खेळांत सेकंदाला किती चित्रे पडतात हे दाखवण्याची सोय असते. खेळातील एकच ठरावीक प्रसंग निवडा आणि आकडा टिपून ठेवा. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे रिझोल्यूशन १९२० × १०८० वरून १२८० × ७२० करा. बाकी काहीही बदलू नका. पहिल्या चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात, दुसऱ्यात ९,२१,६००. म्हणजे रंगवण्याचे काम सव्वादोन पटींनी घटले. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळजवळ तेवढाच राहिला.

आता तोच प्रसंग पुन्हा खेळा. आकडा भरभर वाढला, तर मंद गडी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आकडा जागचा हलला नाही, तर बहुधा प्रोसेसर. एका वेळी एकच राशी बदलायची व परिणाम पाहायचा, ही प्रयोगशाळेतलीच रीत येथे उपयोगी पडली.

आधी धूळ झटका

अर्ध्या तासाने खेळ मंदावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो. प्रोसेसर व त्यावरील धातूचा उष्णताशोषक यांमध्ये एक लेप असतो. वरवर सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागांतील बारीक खळग्यांत हवा राहते, आणि हवा उष्णतेची मंद वाहक. लेप हवेच्या कितीतरी पट चांगला वाहक असल्याने तो त्या जागा भरून काढतो. वर्षानुवर्षांनी तो सुकतो. धूळ काढणे आणि नवा लेप लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र संगणकाची पिन काढूनच काम करा. धूळ फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कारण जोराने फिरणारी मोटार जनित्रासारखी वागू शकते!

पैसा कोठे घालावा?

खेळ सुरू होण्यासच वेळ लागत असेल, तर हार्ड डिस्क पाहा. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय डोके सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही प्रतीक्षा संपते. तरी अपेक्षा मोजकीच ठेवा. खेळ उघडण्याच्या ६० सेकंदांपैकी ४५ डिस्कचे व १५ प्रोसेसरचे असतील, तर डिस्क कितीही वेगवान केली तरी १५ सेकंद उरतातच. हा विचार जीन अ‍ॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

खेळताना रॅम पूर्ण भरत असेल, तर संगणक काही माहिती डिस्कवर ठेवू लागतो आणि चित्र अडखळते. अशा वेळी रॅम वाढवणे योग्य. पण आपल्या नमुन्यात डीडीआर-३ जातीची रॅम लागते. डीडीआर-४ ची पट्टी तेथे बसणारच नाही; तिची खाच वेगळ्या जागी असते आणि तिला १.५ ऐवजी १.२ व्होल्टचा दाब लागतो.

ग्राफिक्स कार्ड बदलायचे ठरल्यास शक्तीचा हिशेब करा. मदरबोर्डवरील खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट शक्ती पुरवते. आपले जुने कार्ड ६० वॅटचे आहे. त्याजागी ७५ वॅटच्या मर्यादेतले कार्ड निवडले, तर वेगळी तार लागत नाही. १५० वॅटचे कार्ड आणले, तर शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह या सूत्राने १२ व्होल्टला १२.५ अ‍ॅम्पिअर प्रवाह हवा. तेवढा पॉवर सप्लायला झेपेल का, हे त्याच्यावरील तक्त्यावरून वाचा. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यातील संधारित्रांत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आपल्या नमुन्यातला प्रोसेसर नाही. त्यामुळे असा संगणक इंटरनेटवर वापरायचा, तर लिनक्ससारख्या मोफत प्रणालीचा विचार करावा लागेल. मात्र तुमचा आवडता खेळ तीवर चालतो का, ते आधी पाहा. चालत नसेल, तर नव्या संगणकासाठी पैसे साठवणे शहाणपणाचे ठरेल.

आता वहीत चार रकाने आखा: काय बदलले, खर्च किती, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. पहिल्या ओळीत रिझोल्यूशनचा प्रयोग लिहा, दुसऱ्या ओळीत धूळ काढल्याचा. तिसऱ्या ओळीत काय लिहायचे, ते या दोन ओळीच तुम्हाला सांगतील. मगच दुकानाची पायरी चढा, आणि जाताना वही बरोबर न्यायला विसरू नका!