काटा टायरातच असतो

नागपुरात सायकल पंक्चर झाली तर माणूस ती ढकलत पुढच्या चौकात नेतो. गडचिरोली–धानोरा रस्त्यावर, मूलच्या अलीकडच्या जंगलात किंवा आलापल्लीहून भामरागडकडे जाताना पुढचा चौक म्हणजे पुढचं गाव, आणि तिथं पंक्चरवाला असेलच असं नाही. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवशिक्या सायकलस्वाराची भीती दुहेरी असते. एक पडण्याची, दुसरी वाटेत अडकण्याची. पहिली थोड्या सरावानं जाते. दुसरी कितीही सायकल चालवली तरी जात नाही, ती पाना हातात घेतल्यावरच जाते.

इथले नवशिके फक्त लहान पोरं नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. मुलगी शाळेतून आली की तीच सायकल आईला बाजाराला, अंगणवाडीला, रेशनच्या दुकानाला न्यायची असते. शहरात डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेले पन्नाशीचे गृहस्थही आहेत. या सगळ्यांना सल्ले भरपूर मिळतात आणि त्यातले बरेच चुकीचे असतात.

सगळ्यात जुना सल्ला म्हणजे, “लहानपणी नाही आली, आता कुठं येणार?” याला उत्तर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यानं दिलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवणं धरलं गेलं आणि हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत काम करणाऱ्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या. वय आड आलं नाही. मोठ्या माणसाला सायकल उशिरा येते त्याचं कारण बहुतेक वेळा शिकवण्याची पद्धत असते.

ती पद्धत आपल्याला पाठ आहे. एकानं कॅरिअर धरायचं, दुसऱ्यानं पेडल मारायचं, आणि “सोडू नको रे” असं ओरडत अर्धं मैदान पार करायचं. कॅरिअर धरणारा सायकल सरळ ठेवतो, म्हणजे शिकणाऱ्याला जे शिकायचं आहे तेच काम तो स्वतः करून टाकतो. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवायचं, की चाकं पुन्हा शरीराखाली येतात. तोल म्हणजे एवढंच. “चाकं गरगर फिरतात म्हणून सायकल उभी राहते” हे शाळेत ऐकलेलं स्पष्टीकरण अपुरं आहे. डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं उलट फिरणारं जास्तीचं चाक लावून तो परिणाम जवळजवळ पुसून टाकला आणि तरीही ती सायकल चालवता आली. त्याचा लेख १९७०चा आहे. पुढे २०११मध्ये डच आणि अमेरिकी संशोधकांनी हा परिणाम काढून टाकलेली छोटी दुचाकी बनवली, ती स्वाराशिवायही स्वतःचा तोल सावरत गेली.

म्हणून मोठ्यांनी असं शिकावं. सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. जमलं तर पेडलं काढून ठेवावीत. मग किंचित उताराच्या मोकळ्या जागेत, धान निघाल्यावरच्या कडक बांधीत म्हणा किंवा शाळेच्या मैदानात, पायांनी ढकलत सरकावं. नजर पुढच्या चाकावर नको, दहा-पंधरा पावलं पुढे हवी. पाय उचलून चार-पाच सेकंद सरकता आलं की पेडलं परत लावावीत. कुणी कॅरिअर धरायची गरज उरत नाही.

पेडलं काढतानाच पहिला धडा मिळतो, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीनं डावीकडे जोर लावला तर ते आणखी घट्ट बसतं, ते उजवीकडे फिरवल्यावर सुटतं. हे माहीत नसल्यानं कित्येक क्रँकचे आटे कामातून गेले आहेत.

शिकताना खाली घेतलेली सीट मग कायम खालीच राहते, कारण “पाय टेकले पाहिजेत”. तोल आल्यावर ती वर घ्यायची असते. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्यांनी आधी सीटचा नट सैल करून बघावा.

“पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील” हा सल्ला काळजीपोटी दिला जातो आणि घातक ठरतो. ब्रेक लागताना शरीराचं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते घासत जातं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबावेत आणि बूड सीटवर थोडं मागे न्यावं. मुरमाच्या किंवा चिखलाच्या रस्त्यावर, वळणावर मात्र पुढचा ब्रेक अगदी हलक्या हातानं. पावसात रिम ओली असते, म्हणून थांबायच्या थोडं आधीपासून ब्रेकचं रबर रिमला टेकवत पाणी पुसून घ्यावं लागतं. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. तरी आपल्या सायकलीचा कोणता आहे ते घरीच बघून ठेवा.

रस्त्यावरचा गैरसमज याहून वाईट. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून काही जण उजव्या बाजूनं सायकल चालवतात. पायी चालताना हे ठीक, सायकलीवर नाही. ट्रक ताशी ४०नं येतोय आणि तुम्ही १२नं जाताय असं धरा. डाव्या बाजूनं जात असाल तर तो ताशी २८च्या फरकानं मागून येतो, उजव्या बाजूनं असाल तर ५२च्या वेगानं अंगावर येतो. शिवाय फाट्यावरून वळणारा चालक त्या बाजूला कुणी येईल अशी अपेक्षाच करत नाही. घुग्घुस–बल्लारपूर भागातले कोळशाचे ट्रक आणि सुरजागडचं लोहखनिज घेऊन आलापल्ली–आष्टीकडे जाणारे ट्रक ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, त्यांनी आणखी एक पाळावं. थांबलेल्या किंवा वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडून कधी पुढे घुसू नये, चालकाला तिथलं काही दिसत नाही. रस्ता अरुंद असेल तर खाली उतरून ट्रक जाऊ द्यावा. त्यात कमीपणा कसला?

आता उन्हाळा. चंद्रपूरचा मे महिना देशभर बातमीत असतो आणि “उन्हात ट्यूब फुटते, हवा कमी ठेवा” हे इथं जवळपास सर्वमान्य आहे. हिशोब करून बघू. सकाळी ३० अंशांवर हवा भरली आणि दुपारी टायर तापून आतली हवा ६० अंशांवर गेली, तरी दाब वाढतो साधारण १३ टक्के, म्हणजे ५० पौंडांचे ५६-५७ पौंड. धड टायर एवढं सहज सोसतो. फुटते ती ट्यूब वेगळ्याच कारणानं. टायरची कड झिजून दोरे दिसायला लागलेले असतात, टायर रिममध्ये नीट बसलेला नसतो, किंवा जुना पॅच उन्हानं सैल पडलेला असतो. उलट हवा कमी ठेवली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या तर काटा शोधू नका, पंप शोधा. किती हवा भरायची तो आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. सायकल मात्र सावलीत ठेवावी, कारण रबर उन्हानं लवकर म्हातारं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा गेली की पंक्चरच असं नाही. साध्या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमध्ये बोटाच्या पेराएवढी बारीक रबरी नळी असते, वॉल्व्ह ट्यूब. ती कडक होते, चिरते, आणि चाक रात्रीतून बसतं. वॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावायचा. बुडबुडा आला तर आतली नळी बदलायची. काम दोन मिनिटांचं, आणि नळी इतकी स्वस्त की चार जवळ बाळगाव्यात.

पंक्चर खरंच असेल तर चाक काढायची गरज नसते. नटाला हात न लावता, टायरची एक कड पट्टीनं रिमबाहेर काढून ट्यूब बाहेर ओढता येते. पट्टी नसेल तर चमच्याचा दांडा चालतो, पण स्क्रू-ड्रायव्हर नको, तो ट्यूबला नवं भोक पाडतो. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली की बुडबुडे जागा दाखवतात. तिथं खूण करून ट्यूब कोरडी करा, पॉलिश पेपरनं पॅचपेक्षा थोडी मोठी जागा घासा आणि सोल्युशनचा पातळ थर लावा.

इथं नवशिके चुकतात. सोल्युशन ओलं असतानाच पॅच चिकटवला तर तो धरत नाही. तो थर बोटाला ओला न लागता नुसता चिकट लागेपर्यंत थांबायचं, मग पॅच बसवून मधून कडेकडे जोरानं दाबायचा. फुंकर मारून घाई करू नका, तोंडातली वाफ त्यावर बसते.

पंक्चर काढलं आणि चार किलोमीटरांवर पुन्हा चाक बसलं, की दोष पॅचला जातो. बहुतेक वेळा बाभळीचा काटा टायरातच असतो. त्याचं बाहेरचं टोक तुटलेलं, आतलं टोक ट्यूबची वाट बघत. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं, अडकेल तिथं काटा. बोट फिरवलंत तर जपून. ट्यूबवरचं भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवर तीच जागा तपासली तर काटा आणखी लवकर सापडतो.

तेलाबद्दलचा गैरसमज घराघरांत आहे. चेन कुरकुरली की हाताशी असेल ते तेल ओतायचं. विदर्भात ते कधीकधी जवसाचं असतं आणि चेनीसाठी त्याहून वाईट निवड क्वचितच असेल. जवसाचं तेल हवेत वाळून त्याचा चिवट थर होतो, म्हणूनच ते रंगात वापरतात. चेनीच्या सांध्यांत तेच होतं. गॅरेजमधलं काळं जळकं तेल नको, त्यात आधीच धातूचा चुरा असतो. चेन फडक्यानं पुसून, शिलाई मशीनचं किंवा सायकलचं तेल प्रत्येक सांध्यावर थेंबभर सोडायचं, पेडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. उरलेलं तेल वंगण करत नाही, धूळ धरतं. चंद्रपूरच्या कोळशाच्या आणि गडचिरोलीच्या मुरमाच्या धुळीत त्याचा घासणारा लगदा होतो. रिमला आणि ब्रेकच्या रबरांना तेलाचा स्पर्शही नको.

चेन उतरली तर सायकल उलटी करा किंवा कुणाला मागचं चाक उचलून धरायला सांगा. चेन आधी मागच्या फ्री-व्हीलवर बसवायची, मग पुढच्या मोठ्या चक्राच्या वरच्या दोन-तीन दात्यांत अडकवायची आणि पेडल हळू पुढे फिरवायचं. बोटाऐवजी काडी वापरा. बंद चेन कव्हर असेल तर आधी त्याचे स्क्रू काढावे लागतात. चेन वारंवार उतरत असेल तर ती ढिली आहे. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक सरळ मागे ओढायचं आणि चेन मधोमध बोटभर हलेल इतकाच ढिलेपणा ठेवून नट आवळायचे. नव्या सायकलीचे सगळे नट पहिल्या महिन्यात एकदा आवळून घ्यावेच लागतात, “नवीन आहे, काय व्हायचंय” म्हणून सोडू नयेत. डावा क्रँक टकटक करत असेल तर त्याची कॉटर पिन ढिली झालेली असते. तशीच दामटली तर पिन आणि क्रँक दोन्ही बदलावे लागतात.

राहिला वाघ. “घंटी वाजवत गेलं की वाघ वाटेला जात नाही” आणि “सायकलीवरच्या माणसाला वाघ धरत नाही” ही दोन्ही वाक्यं ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा या पट्ट्यात कुणी विश्वासानं म्हणू नयेत. वाघ थोड्या अंतरात ताशी ५० किलोमीटरच्या आसपास झेपावतो, साधी सायकल १२ ते १५नं जाते, म्हणजे पळून सुटण्याचा प्रश्नच नाही. वनविभाग सांगतो ते साधं आहे: पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलाच्या रस्त्यानं एकट्यानं जाऊ नका, दोघं-चौघं मोठ्यानं बोलत जा. वाघ दुरून दिसला तर उतरून सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवा, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका आणि मोटारीची वाट बघा. २०२१पासून गडचिरोलीत रानटी हत्तीही आले आहेत. ते रस्त्यावर दिसले तर दुरूनच परत फिरा.

पण सायकलस्वारासाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. या भागातल्या हल्ल्यांत मोहफुलं वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, शेतात काम करणारे, म्हणजे वाकलेले किंवा बसलेले लोक बरेच असतात. रस्त्याकडेला उकिडवं बसून पंक्चर काढणारा माणूस तसाच दिसतो. म्हणून दाट जंगलात चाक बसलं तर तिथं बसू नका. सायकल ढकलत मोकळ्या जागी किंवा गावात न्या, रिकाम्या चाकानं टायर थोडा खराब झाला तरी चालेल. आणि निघण्यापूर्वी घरीच दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून बघा, दोन्ही ब्रेक ओढून बघा, चेनवर नजर टाका.

कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत छोटा पंप, दोन टायर पट्ट्या, सोल्युशन, पॅच, पॉलिश पेपर, चार वॉल्व्ह ट्यूब, मागच्या नटाला बसणारा पाना आणि एक फडकं, एवढं पुरतं. शाळेत मुलींना सायकली वाटल्या जातात त्याच दिवशी ही पिशवी दिली आणि पंक्चर काढून दाखवलं तर खर्च फार वाढणार नाही, असं माझं मत आहे. पंप घेताना मात्र एक बघा. जुन्या पद्धतीच्या आणि मोटारसायकलसारख्या वॉल्व्हचे पंप वेगळे असू शकतात, तेव्हा दुकानातच स्वतःच्या चाकात हवा भरून बघा आणि मगच पैसे द्या.