इंजिनाचा आकडा आणि पटावरचे सत्य

बुद्धिबळाचे इंजिन दाखवते तो आकडा म्हणजे निकाल नव्हे, अंदाज. आणि प्रत्येक इंजिन तो आपल्या रीतीने बांधते. स्टॉकफिश असंख्य शक्यता खोलवर तपासते, आणि 2020 पासून त्यातली पटाची पारख छोटे न्यूरल नेटवर्क करते. लीला त्या मानाने फार थोड्या शक्यता पाहते, पण मोठ्या नेटवर्कच्या आधारे विजय, बरोबरी आणि हार यांची संभाव्यता मांडते.

दोन्ही रीतींची खरी परीक्षा कोंडलेल्या पटावर होते. पेनरोझ इन्स्टिट्यूटने 2017 मध्ये मांडलेल्या कोड्यात काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. मोहऱ्यांचे बळ पाहून तेव्हाची इंजिने काळ्याला मोठी आघाडी देत. पण तिन्ही उंट काळ्या घरांचे, वजीर आणि हत्ती कोंडलेले. पांढरा राजा पांढऱ्या घरांवर फिरत राहिला की पन्नास चालींच्या नियमाने बरोबरी! सात मोहऱ्यांपर्यंतचे सगळे शेवट संगणकाच्या तक्त्यांत सोडवलेले आहेत, मग इंजिन चुकेल कसे, असा आक्षेप कुणी घेईल. पण इथे मोहरे त्याहून जास्त आहेत. अशा चुकीमुळे इंजिन निरुपयोगी ठरत नाही; डावपेचांत माणूस त्याच्या जवळपासही नाही. मात्र मोठी आघाडी कितीही चालींनंतर तशीच राहिली, तर पुढे सरकायला वाट आहे का, हे स्वतः तपासा.