मैदानाची धूळ आणि महापालिकेचे कान

बोरीबंदरसमोर मुंबई महापालिकेची जी गॉथिक वास्तू १८९३ पासून उभी आहे, तिच्या सभागृहात नागरिकांसाठी एक जागा राखलेली आहे. ती आहे प्रेक्षकांच्या सज्ज्यात. तेथे बसून नागरिकाने ऐकावे आणि पाहावे. तोंड मात्र उघडू नये. बोलण्याचा अधिकार नगरसेवकाचा. त्याने ठरावाची सूचना द्यावी, हरकतीचा मुद्दा उपस्थित करावा, प्रश्न विचारावा. आणि आपल्या प्रभागातील तुंबलेले गटार, तोडलेले झाड किंवा धुराने भरलेली हवा यांची वार्ता त्यानेच सभागृहात पोहोचवावी, अशी १८८८ च्या अधिनियमापासून चालत आलेली रीत आहे. ज्यांचा पुतळा या वास्तूच्या दारात उभा आहे, त्या फिरोजशहा मेहतांच्या काळी मतदार मूठभर होते आणि नगरसेवक त्यांना नावानिशी ओळखत असे. त्या प्रमाणात ती रीत सोयीची होती, असे म्हणता येईल. आज एका नगरसेवकामागे पन्नास-साठ हजार माणसे आहेत, आणि रीत तीच आहे.

ही रीत कोठे अपुरी पडते ते पाहावयाचे तर दादरच्या शिवाजी पार्कच्या मातीकडे पाहावे. सुमारे २८ एकरांच्या या मैदानावरील तांबड्या मातीची धूळ सभोवारच्या घरांत शिरते, अशी तेथील रहिवाशांची तक्रार गेली दहा वर्षे चालू आहे. पावसाळा संपला की तक्रार सुरू होते आणि पहिला पाऊस पडला की ती थांबते. थांबते म्हणजे सुटते असे नव्हे. माती ओली होते इतकेच. हिवाळ्यात मुंबईची हवा खाली दबून राहते, वाऱ्याचा वेग मंदावतो आणि अंगणभर उडालेले कण वर निघून न जाता माणसाच्या नाकाच्या उंचीवर तरंगत राहतात. दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटला की हीच माती पूर्वेकडील इमारतींच्या गॅलऱ्यांत जाऊन बसते. खिडक्या दिवसभर लावून घ्याव्या लागतात, आणि ज्या वृद्धांना डॉक्टरांनी सकाळी मैदानावर फिरावयास सांगितले, त्यांनाच दम्याच्या भीतीने घरात बसावे लागते. तक्रारीचा सारांश एवढाच आहे.

महापालिका स्वस्थ बसली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१-२२ च्या सुमारास तिने मैदानाखाली पावसाचे पाणी साठविण्याची आणि ते पाणी फवारून माती दाबून ठेवण्याची योजना हाती घेतली. हिरवळ लावण्याचेही प्रयत्न झाले. परंतु हिरवळीला पाण्याइतकीच विश्रांतीची गरज असते, आणि या मैदानाला विश्रांती ठाऊक नाही. पहाटे फिरणारे, मग क्रिकेटच्या सरावाची मुले, दुपारी सामने, संध्याकाळी सारे दादर. शिवाय शासनाने क्रीडेतर कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस मोकळे ठेवलेले आहेत. त्यांत महाराष्ट्र दिनाचे संचलन आले, दसऱ्याचा मेळावा आला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारा जनसमुदाय आला. गवताचे मूळ धरते न धरते तोच त्यावर मांडवाचे खांब रोवले जातात. २०२५ मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने या मातीचा बंदोबस्त करण्याविषयी महापालिकेस सांगितले. महापालिकेने पवईच्या आयआयटीतील तज्ज्ञांचे मत घेतले. पाहणी झाली, पत्रे गेली, पत्रे आली. धुळीने यांपैकी कशाचीच वाट पाहिली नाही.

येथे मूळ अडचण माती ही नसून मालकी ही आहे. मैदान सांभाळते महापालिकेचे विभाग कार्यालय. हवेची शुद्धता पाहते राज्याचे मंडळ. परिसराला वारशाचा दर्जा असल्याने कुदळ मारण्यापूर्वी वारसा समितीचा विचार घ्यावा लागतो. सभा-मेळाव्यांचे दिवस ठरवते नगरविकास खाते. आणि ध्वनिक्षेपकाचा प्रश्न उच्च न्यायालयात. एका मैदानाला पाच धनी. रहिवासी ज्याच्याकडे जाईल तो उरलेल्या चौघांकडे बोट दाखवितो, आणि गंमत अशी की प्रत्येकाचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने बरोबरही असते. या पाचांना एका टेबलाभोवती बसवून, खेळणारी मुले, फिरणारे वृद्ध, सभा घेणारे पक्ष आणि खिडकी लावून घेणारे रहिवासी यांचे हितसंबंध तोलावयाचे, हे काम ना न्यायाधीशाचे, ना रसायनशास्त्रज्ञाचे. ते निखळ नगरपालिकेचे काम आहे.

शिवाजी पार्कच्याच इतिहासात याचा दाखला सापडतो. १९२५ मध्ये खुले झालेले हे मैदान त्या वेळी माहीम पार्क म्हणून ओळखले जाई. १९२७ मध्ये, शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या सुमारास, त्याला आजचे नाव मिळाले ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. अवंतिकाबाई या परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या. १९१७ च्या चंपारण्यात गांधीजींबरोबर काम केलेल्या. १९१८ मध्ये गांधीजींचे मराठी चरित्र लिहून त्याला लोकमान्यांची प्रस्तावना मिळविलेल्या. स्त्रियांना महापालिकेचे दार नुकतेच उघडले होते, आणि लोकांच्या मनातली गोष्ट सभागृहात नेऊन ती ठरावाच्या रूपाने बाहेर आणणे म्हणजे काय, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९६१ मध्ये निवडून आलेल्या मृणाल गोऱ्यांनी गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न लावून धरला, तो इतका की लोकांनी त्यांचे नावच ‘पाणीवाली बाई’ ठेवले. नगरसेवक चांगला असेल तर जुनी रीतही चालते, असा याचा अर्थ कोणी काढील. तो खोटा नाही. परंतु नगरसेवकच नसेल तर काय, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

आणि हा प्रश्न काल्पनिक नाही. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक लांबणीवर पडत गेली. प्रभागांची संख्या, आरक्षण, न्यायालयातील तारखा यांच्या घोळात २०२६ उजाडले. १५ जानेवारीला मतदान झाले तेव्हा कोठे २२७ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा भरण्याचा मार्ग मोकळा झाला. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रशासकांनी कारभार केला, हजारो कोटींचे अंदाजपत्रक मांडले आणि त्यांनीच ते मंजूर केले. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होते. एवढा पैसा एकही प्रश्न विचारला न जाता खर्ची पडावा, हे या शहराच्या स्थानिक स्वराज्याच्या इतिहासात अपूर्वच म्हणावे लागेल. धुळीची तक्रार नेमकी याच काळात तीव्र झाली. पूर्वी प्रेक्षकांच्या सज्ज्यात बसता तरी येई; आता सज्ज्यासमोरचे सभागृहच रिकामे होते. तेव्हा रहिवाशांनी मंत्रालयात निवेदने दिली, मंडळाकडे धाव घेतली, मतदानावर बहिष्काराची भाषा केली. पांढरपेशा दादरकराने बहिष्काराची भाषा करावी, याचा अर्थ त्याची किती दारे ठोठावून झाली असतील हे उघड आहे.

न्यायालयाचे दार मुंबईकराला नवे नाही. गोंगाटाविरुद्ध डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ मध्ये उच्च न्यायालयात लढा सुरू केला, तेव्हा ध्वनिप्रदूषण हा शब्ददेखील अनेकांना चमत्कारिक वाटे. देशासाठी नियम झाले ते २००० मध्ये. २०१० मध्ये रहिवाशांच्याच संस्थेच्या याचिकेवरून शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरले. भुयारी मेट्रोचे खोदकाम गिरगावापासून कफ परेडपर्यंत रात्रंदिवस चालू असताना, रात्री दहा ते सकाळी सहा काम थांबविण्याचा आदेश २०१७ मध्ये मिळाला तोही न्यायालयाकडूनच, आणि पुढल्या वर्षी तो सैलही झाला. न्यायालय मनाई करू शकते. रोज सकाळी मैदानावर पाणी शिंपडले गेले की नाही, हे पाहण्यास न्यायमूर्ती येऊ शकत नाहीत.

कधी कधी तर न्यायालयापर्यंत प्रकरण पोहोचते तेव्हा वेळ टळून गेलेली असते. परळ-लालबागच्या गिरणी जमिनींची कथा याहून वेगळी काय आहे? मुंबईत ५८ गिरण्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर भोंगे एकेक करून बंद पडले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले की, गिरणीची जमीन विकसित करावयाची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगटही नेमला गेला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली: ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीची करावयाची, इमारतींखालच्या जमिनीची नव्हे. गिरणी म्हटली की जमिनीचा मोठा भाग इमारतींखालीच असावयाचा. एका शब्दाने तीन वाट्यांतले दोन वाटे आक्रसले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि ती दुरुस्ती कायम झाली. आज लालबागच्या उड्डाणपुलावरून दिसणारे मनोरे उभे आहेत ते त्या एका शब्दावर.

त्या दुरुस्तीची सूचना राजपत्रात रीतसर निघाली असेल. डिलाईल रोडच्या चाळीतला, देणी थकलेला कामगार राजपत्र वाचतो, असे गृहीत धरणारी ही रीत आहे. शहरात माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एका माणसाला धड आडवे होता येईल इतकीही नाही, आणि ती वाढविण्याची शंभर वर्षांतली एकमेव संधी ज्या दिवशी गेली त्या दिवशी ज्यांची ती जागा झाली असती त्यांना कोणी विचारले नाही.

विचारले तर लोक बोलत नाहीत, हा अधिकाऱ्यांचा आवडता आक्षेप. २०१५ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात चुका इतक्या होत्या की उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले होते. लोकांनी नकाशे पसरले, आपापली गल्ली शोधली, कागदपत्रे मराठीतून मिळावीत म्हणून आग्रह धरला आणि सुमारे ६५ हजार हरकती व सूचना दिल्या. एप्रिलमध्ये शासनाला तो मसुदा मागे घ्यावा लागला. शिक्षक, कारकून, निवृत्त अभियंते, विद्यार्थी यांनी केलेले ते काम कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालाहून उपयोगी ठरले.

जगात अन्यत्र याची सोय नेहमीच्या कारभारातच केलेली असते. अमेरिकेतील अनेक गावांत नगरसभेच्या बैठकीत नागरिकाला ठरावीक दोन-तीन मिनिटे ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून बोलता येते. सभासदांनी तेवढा वेळ ऐकून घ्यावयाचे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग वस्त्यांच्या सभांतून ठरविण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडेही कायद्याची वाण नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. मुंबईच्या समित्यांत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. मात्र त्यांची निवड नगरसेवकांनीच करावयाची असल्याने प्रतिनिधी कोणाचे, हा प्रश्न उरतोच. २००९ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभांची कल्पना आणली: मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांची सभा, नगरसेवक अध्यक्ष, गावच्या ग्रामसभेसारखी. कायदा कागदावर आला. मुंबईच्या गल्लीबोळांत सभा भरल्या नाहीत. प्रत्येक पक्षाचे सरकार या काळात येऊन गेले असल्याने कोणा एकाला दोष देण्याचीही सोय उरलेली नाही. नगरसेवकांना क्षेत्रसभा नको असतात, कारण तेथे मतदार समोरासमोर जाब विचारील. प्रशासनाला नको असतात, कारण इतिवृत्त ठेवावे लागेल.

एका गोष्टीचा विचार मात्र रहिवाशांनीही केला पाहिजे. शिवाजी पार्कच्या कठड्याशेजारी ज्याची गॅलरी आहे तोच तेवढा रहिवासी, असे मानून चालणार नाही. खांद्यावर किट टाकून परळहून, वरळीहून, माहीमच्या कोळीवाड्यातून येणारी मुले याच मातीवर खेळून मोठी होतात. रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तयार झालेली मुले काही सगळी समोरच्या बंगल्यांतली नव्हती. धूळ त्यांच्याही फुप्फुसांत जाते, नव्हे, अधिक जाते, कारण ती धावत असतात. ६ डिसेंबरला रात्रभर मैदानात टेकणाऱ्या माणसाचाही त्या जागेवर हक्क आहे. आजवरच्या तक्रारींत या मंडळींचा आवाज फारसा ऐकू आलेला नाही, कारण निवेदन लिहिणे, खात्यांकडे पाठपुरावा करणे, वकील गाठणे हे सारे सवडीचे आणि शिकलेल्यांचे काम. मैदानाला कुलूप घालून धूळ थांबवावी, असा विचार कोणाच्या मनात असेलच तर तो क्षेत्रसभेत टिकणार नाही, आणि टिकू नये. खेळपट्ट्यांची माती वेगळी ठेवता येईल, उरलेले मैदान भागाभागाने एकेक मोसम मोकळे सोडून गवताला अवधी देता येईल, मांडव घालणाऱ्याकडून जमीन पूर्ववत करून घेण्याची अनामत घेता येईल. यांतले काय करावयाचे आणि कोणी किती सोसावयाचे, हे त्या साऱ्यांना एकत्र बसवूनच ठरेल.

त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. क्षेत्रसभांना वेळ लागणार असेल तर निदान विभागवार प्रभाग समित्यांनी आपल्या मासिक बैठकीतील पहिला अर्धा तास नागरिकांना द्यावा, विषयपत्रिका मराठीत आधी लावावी आणि विचारलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर पुढील बैठकीपूर्वी द्यावे. नव्या सभागृहाला हे एका ठरावाने सुरू करता येईल. ऑक्टोबर सरताच शिवाजी पार्कची माती पुन्हा उडू लागते. जी-उत्तर विभागाच्या समितीपुढे तो विषय त्याआधीच यावयास हवा.