आखाजीचं अप्रेझल

थर्टी फर्स्ट जवळ आला की आपल्या सगळ्यांना एक ठराविक झटका येतो. नवी कोरी डायरी घेतली जाते, जिमची फी विचारली जाते आणि रात्री उशिरा, पार्टीच्या आधी किंवा नंतर, यादी केली जाते. नव्या वर्षात मी हे करणार, ते करणार, आणि अमुक तर मुळीच करणार नाही!

१ जानेवारी २०२५ ला मीही केली होती. चौदा मुद्दे. पहाटे उठणं, पाच किलो वजन कमी करणं, महिन्याला दोन पुस्तकं, एक नवी भाषा, एसआयपी... आणि चौदावा, शेवटी आठवला म्हणून लिहिलेला मुद्दा, 'घरी वेळ देणं'.

त्यात मी मूळची धरणगावची, जळगाव जिल्ह्यातली. म्हणजे बालकवी ठोमरेंच्या जन्मगावची. १८९० साली जन्मलेला हा माणूस ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेला, तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. तोवर 'औदुंबर' आणि 'फुलराणी' लिहून झालं होतं! मी अठ्ठावीस पूर्ण केली. माझं काय लिहून झालं होतं? चौदा मुद्द्यांची यादी.

यादी टिकते किती?

फेब्रुवारी येईपर्यंत माझी डायरी भाजीच्या हिशोबाला लागली होती. तुमचीही लागली असेल तर फार वाईट वाटून घेऊ नका. जॉन नॉरक्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्या दोनशे लोकांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या आठवड्यानंतर ७७ टक्के लोक संकल्पाला धरून होते. दोन वर्षांनी राहिले १९ टक्के.

म्हणजे इच्छाशक्ती फक्त तुमची-माझीच कमी आहे असं नाही. मग गडबड कुठे होते? मला याचं उत्तर कुठल्या सेमिनारमध्ये मिळालं नाही. ते मिळालं आमच्या घराच्या ओट्यावर, आखाजीला.

वर्ष नक्की कधी संपतं?

खरं तर आपल्याकडे वर्ष संपायला तारखांची कमी नाही. ऑफिसचं वर्ष ३१ मार्चला संपतं. ही एप्रिल ते मार्चची पद्धत इंग्रजांनी १८६७ साली आणली आणि आपण अजून त्यावर इन्क्रिमेंटची वाट बघतोय. पंचांगाचं वर्ष पाडव्याला बदलतं. बाजारपेठेत व्यापारी दिवाळीला वहीपूजन करतात आणि नवी वही उघडतात.

शेतीचं वर्ष मात्र खान्देशात आखाजीला फिरतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. या दिवशी पितरांसाठी घागर भरली जाते, घरात पुरणपोळी आणि आमरस असतो, झाडांना झोके बांधलेले असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पत्त्यांचे डाव रंगलेले असतात. पण सणाच्या या गडबडीत एक काम शांतपणे होतं. सालदाराचा हिशोब.

सालदार म्हणजे सालाने, वर्षाच्या कराराने शेतावर काम करणारा माणूस. त्याचं साल आखाजी ते आखाजी. दिवस बघा किती बरोबर निवडलाय! रब्बी घरात आलेली असते, कापसाची लागवड अजून पुढे असते. शेत रिकामं, म्हणून बोलायला वेळ असतो. आपलं अप्रेझल नेमकं डेडलाइनच्या ढिगाऱ्यात का ठेवतात, देव जाणे!

ओट्यावरची मीटिंग

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. वडील, म्हणजे नाना, ओट्यावर वही घेऊन बसले. समोर आमचे सालदार अण्णा. वय पन्नाशीच्या पुढे, मी शाळेत असल्यापासून आमच्याकडे. वहीत सगळं होतं. ठरलेली रक्कम, वर्षभरात घेतलेली उचल, दिलेलं धान्य, कपडे आणि खाडे, म्हणजे कामावर न आलेले दिवस. अण्णांचीही एक छोटी वही होती, मुलीच्या हातून लिहून घेतलेली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा बघितला. एका उचलीवर मतभेद झाला, तो चहा येईपर्यंत मिटला.

मग नानांनी विचारलं, "पुढच्या सालाचं कसं?"

मला वाटलं, अण्णा आकडा सांगतील. त्यांनी आधी वेगळंच सांगितलं. "रातनं पानी मी नही भरसू."

रात्रीचं पाणी मी भरणार नाही. शेतीपंपाला वीज बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे थंडीत दोन वाजता उठून अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत पाणी भरायला जायचं. अण्णांना आता ते झेपत नव्हतं. नाना थोडे गप्प बसले, मग म्हणाले, "बरं. उरलेल्या तुकड्यालाही ठिबक करून टाकू, मोटारीला ऑटो बसवू." वाढीचं बोलणं त्यानंतर झालं, आणि तेही दहा मिनिटांत.

सालदारकी म्हणजे काही गोड गोष्ट नाही, हेही सांगायला हवं. उचल फिटली नाही की ती पुढच्या सालात जाते, आणि माणूस कर्जापायी त्याच दारात अडकून पडतो. वेठबिगारीविरुद्ध १९७६ साली कायदा करावा लागला, तो असल्याच बांधून ठेवणाऱ्या उचलींमुळे. अण्णांची उचल त्या दिवशी फिटली होती, म्हणून ते 'नाही' म्हणू शकले. हे मला नंतर, बसमध्ये लक्षात आलं.

"चल, आता तुझा हिशोब"

वही मिटता मिटता नाना माझ्याकडे वळले. मी हसले. ते हसत नव्हते.

कारण होतं. २०२४ च्या आखाजीला मी पुण्यातली नोकरी सोडली होती आणि फ्रीलान्सिंगसाठी नानांकडून ८० हजार घेतले होते. बोली एका वर्षाची. नानांनी तीनच प्रश्न विचारले. काय आलं? काय गेलं? काय राहिलं?

काय आलं ते सांगायला सोपं होतं. वर्षभरात ४१ लेख छापून आले. लॅपटॉप उघडून दाखवलेही. काय गेलं, तर नानांचे ८० हजार, त्यातले परत दिले शून्य. आणि काय राहिलं याची बेरीज मी कधी केलीच नव्हती. तिथेच बसून केली. तीन ठिकाणांहून ६२ हजार येणं बाकी. वर्षभर मी 'खूप बिझी' होते, त्यातला बराच वेळ पैसे न देणाऱ्यांसाठी लिहीत होते!

"उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाला परत माल देतं का कोणी?" नाना एवढंच म्हणाले.

मला वाटलं संपलं. तेवढ्यात आतून आई आली, हाताला पुरण लागलेलं.

"अन माझे खाडे कोण लावेल?"

"कसले खाडे?"

"सहा वेळा येते म्हणालीस. एकदा आलीस. पाच खाडे."

त्या पाचांत डिसेंबरचा एक होता. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी एका लेखाच्या डेडलाइनसाठी पुण्यात थांबले. त्या लेखाचे पैसे अजून आले नव्हते. आई रागावली नव्हती. तिने फक्त मोजलं होतं. मी मात्र 'घरी वेळ देणं' असं सुंदर वाक्य लिहून मोकळी झाले होते.

तेव्हा कळलं, माझ्या यादीत काय कमी होतं. तिच्यात समोर कोणी बसलेलं नव्हतं! चौदाही मुद्दे माझे, तपासणारी मी आणि माफ करणारीही मीच. अण्णांच्या हिशोबाला दुसरी वही होती. माझ्या हिशोबाला दुसरी वही आईकडे होती, फक्त मी ती कधी मागितली नव्हती.

पुढचं साल

त्या संध्याकाळी नानांच्या वहीच्या मागच्या पानावर माझं साल ठरलं. तीन ओळी. थकबाकी असेल तिथे नवं काम घ्यायचं नाही. नानांना दर महिन्याला ठराविक हप्ता. आणि दर दुसऱ्या महिन्याचा पहिला शनिवार धरणगावात.

२०२५ संपताना स्थिती अशी आहे. तीनपैकी दोन ठिकाणचे पैसे आले. तिसऱ्यांचे येतील असं वाटत नाही, पण तिथे लिहिणं बंद आहे आणि त्या वेळात मला दोन बरी कामं मिळाली. नानांचे हप्ते चालू आहेत, एक चुकला. खाडा एकच, सप्टेंबरचा. आईने तो लावलाय. वजन मात्र होतं तेवढंच आहे!

तुम्हीही मांडून बघा

* एक माणूस निवडा. ज्याचं तुमच्याकडे काही येणं आहे असा. तुमच्या प्रत्येक गोष्टीला लाइक देणारा नको.
* आधी 'काय राहिलं' ते मांडा. न आलेले पैसे, न केलेले फोन, मोडलेले शब्द. आकड्यात.
* जुनी थकबाकी डोळे झाकून नव्या यादीत ढकलू नका. फेडा, नाहीतर सरळ खोडा. सहा वर्षं शिकायची राहिलेली गिटार खोडली तरी आभाळ कोसळत नाही.
* काय करणार नाही, ते आधी ठरवा. तुमचं 'रातचं पाणी' कोणतं?
* उरलेलं तीन ओळींत बसवा आणि पुढच्या बैठकीची तारीख आजच घ्या.

तारीख १ जानेवारीच हवी असं काही नाही. माझी आखाजी आहे. वही नानांच्या कपाटात आहे आणि यंदा मी माझीही घेऊन जाणार आहे.